चार रॅम डेड सांगितल्या, चारही चालू निघाल्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात जुन्या कॉम्प्युटरच्या भंगाराबद्दल छापून आलं होतं ते वाचलं. सगळं बरोबरच होतं, पण एक गोष्ट राहिली असं वाटलं म्हणून लिहायला बसलोय. भंगारात जाणारा सगळाच माल मेलेला नसतो, आपल्याकडं बराच माल नुसता ओळखता आला नाही म्हणून जातो. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या स्वतःच्या चार रॅम (कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीच्या पट्ट्या) भंगाराच्या पोत्यात जाता जाता वाचल्यात.

माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा आहे, स्टुडिओ हरभट रोडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा खालच्या मजल्यावरचे दोन कॉम्प्युटर आणि हार्डडिस्क भरलेला एक खोका पाण्यात गेला. लोकांच्या लग्नाचे फोटो होते हो त्यात, नंतर एकेका घरी जाऊन सांगताना काय झालं असेल ते विचारू नका. तेव्हापासनं सगळी मशीन वरच्या मजल्यावर, आणि डोक्यात एकच, की एडिटिंगही होईल आणि सगळा डेटा पण एका जागी राहील असा एक सर्व्हर करायचा. नवीन घ्यायची ऐपत नाही. त्यात २०२५ च्या शेवटाला नव्या रॅमचे भाव असे चढले की आमच्या मार्केट यार्डातल्या हळदीवाल्यांना सुद्धा आश्चर्य वाटावं. मग भाच्यानं डोकं लावलं, म्हणाला मामा, कंपन्या डेटा सेंटरमधले जुने सर्व्हर काढतात त्याचे बोर्ड मिळतात, दोन प्रोसेसर, सोळा रॅमचे स्लॉट, तुमच्या त्या दोन लाखाच्या मशीनच्या तोंडात मारतील.

मुंबईतल्या एका विक्रेत्याकडनं मागवला. बोर्ड, दोन झिऑन ई५-२६८० व्ही२ (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) आणि आठ जीबीच्या आठ रॅम, म्हणजे ६४ जीबी. बिलावर लिहिलेलं एवढंच, "सर्व्हर रॅम ८ जीबी, नग ८, चेकिंग वॉरंटी". चेकिंग वॉरंटी म्हणजे काय ते ज्यांनी जुना माल घेतलाय त्यांना माहितीय, आमच्या समोर चालू होता, तुमच्याकडं गेला की तुम्ही आणि तुमचं नशीब.

पहिल्या संध्याकाळी मी आणि भाच्यानं मिळून जोडला. सोळा स्लॉट, रॅम आठ, आता आठ स्लॉट रिकामे कशाला ठेवायचे म्हणून जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधल्या दोन रॅम होत्या त्या पण लावल्या. डीडीआर३ (ही रॅमची पिढी) त्या आणि डीडीआर३ ह्या, खाच बरोबर जुळली, क्लिपा टक्कन बसल्या. चालू केलं तर स्क्रीन काळी आणि बीप, बीप, बीप. हा माझा अडाणीपणा होता, कबूल करतो. खाच जुळली म्हणजे सोयरिक जुळली असं नसतं.

इथं जरा खोलात जातो, कारण पुढचं सगळं रामायण ह्याच्यावरच आहे. घरच्या कॉम्प्युटरची रॅम साधी असते, प्रोसेसर थेट चिपशी बोलतो. सर्व्हरच्या रॅमला मधोमध एक वेगळी चिप असते, तिला रजिस्टर म्हणतात. प्रोसेसरचा हुकूम आधी तिच्याकडं जातो, ती तो धरून पुढं सगळ्या चिपांना देते, म्हणजे प्रोसेसरवर इतक्या सगळ्या रॅमचा भार एकदम येत नाही. मार्केट यार्डात अडत्या असतो तसंच समजा, बोली अडत्यामार्फत, माल मात्र थेट. (अजून एक जात असते, लोड रिड्यूस्ड, तिच्यात माल सुद्धा अडत्याच्या गोडाऊनमधनंच जातो.) शिवाय घरच्या रॅमवर जिथं आठ चिपा असतात तिथं ईसीसीवाल्या, म्हणजे स्वतःची चूक पकडणाऱ्या, रॅमवर नऊ, म्हणजे ६४ बिटांच्या जोडीला ८ बिट जास्तीचे तपासणीला, एखादा बिट उलटा पडला तर जागच्या जागी दुरुस्त होतो आणि दोन पडले तर निदान कळतं तरी. आता अडत्यावाली रॅम आणि बिनअडत्याची रॅम एका बोर्डात एकत्र चालत नाही. नाही म्हणजे नाही. बोर्ड बूटच होत नाही. आणि अडत्यावाली रॅम साध्या घरगुती बोर्डात तर अजिबात चालत नाही, डिस्प्लेच येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घरच्या दोन काढल्या, बीप बंद. तरी स्क्रीन काळीच. आम्ही बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं, परत बंद, असं चार वेळा झाल्यावर चहा आला म्हणून मशीन तसंच चालू राहिलं आणि चहा संपायच्या आत डिस्प्ले आला! सर्व्हर बोर्ड चालू झाल्यावर आधी सगळी रॅम तपासत बसतो, मिनिटभर, कधी त्याहून जास्त, तोवर स्क्रीनवर काहीच नसतं. आम्ही उगाच त्याच्या पूजेत घंटा वाजवत होतो.

तर डिस्प्ले आला, विंडोज टाकलं, आणि मेमरी ३२ जीबी. लावल्या ६४ च्या, दिसतात ३२. दुसऱ्या दिवशी माझं मिरजेला लग्न होतं, म्हणून भाच्याला सांगितलं की दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूच्या चार काढ आणि रिपेअरिंगवाल्याकडं दाखवून आण. तो गेला. दुकानदारानं एकेक रॅम स्वतःच्या टेबलावरच्या बोर्डात लावून बघितली, चारीला डिस्प्ले नाही, चारी डेड. वर म्हणाला ठेवून जा, चार मिळून चारशे देतो, भंगारवाला येतो त्याच्याकडं जातील. भाचा पोरगाच, ठेवून आला.

दुकानाचं नाव मी लिहिणार नाही आणि तुम्ही पण विचारू नका, कारण माणूस लबाड नाही. त्याच्या टेबलावरचा बोर्ड घरगुती कॉम्प्युटरचा होता, सांगलीत सर्व्हर बोर्ड टेस्टिंगला ठेवून कोण बसणार. वर सांगितलेलं वाक्य आठवा. त्या टेबलावर जगातली कुठलीही चांगली रजिस्टर्ड रॅम लावली असती तरी डेडच निघाली असती. थर्मामीटरनं बीपी बघितल्यासारखं झालं ते. आणि मला खरी काळजी ह्याचीच वाटते, की असल्या टेबलांवर असं किती झालं असेल आणि किती पोती गेली असतील.

मला शंका कशी आली ते सांगतो. रात्री मिरजेहून आलो, दमलेलो, पण मशीन चालू करून बघितलं तर मेमरी १६! आता गणित बघा. आठ होत्या तेव्हा ३२ दिसत होती, म्हणजे चार चालू चार डेड, ठीक. डेड चार काढल्या तर राहिलेल्या चारांची ३२ च दिसायला पाहिजे. १६ कशी? म्हणजे चार डेड नव्हत्याच, कुणीतरी दर वेळी निम्मी गिळतंय. रात्री साडेअकराला हे सुचलं आणि झोप उडाली.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शोधत बसलो. मेमरीच्या पानावर एक ओळ, मेमरी मोड, आणि तिच्यापुढं मिररिंग. हा बोर्ड ज्या कुठल्या डेटा सेंटरमधनं आला तिथं त्यांनी मिररिंग लावून ठेवलेलं, म्हणजे जे एका रॅममध्ये लिहायचं तेच जोडीच्या दुसऱ्या चॅनेलवरच्या (चॅनेल म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता) रॅममध्ये पण लिहायचं, एक गेली तरी काम थांबायला नको. बँकेला वगैरे ते ठीक आहे. पण मिररिंगमध्ये वापरायला निम्मीच मेमरी मिळते आणि बोर्ड विकताना ते कुणी बदललं नाही. मोड बदलून इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक रॅम स्वतंत्र, केला, सेव्ह केलं, रिस्टार्ट, आणि ३२! चार रॅम, ३२ जीबी. सकाळी दुकान उघडायच्या आधी शटरसमोर जाऊन उभा राहिलो, चारशे रुपये परत दिले, पोत्यातनं चारी रॅम काढून घेतल्या. त्या पोत्यात अजून पाच-सहा तशाच हिरव्या पट्ट्या होत्या, मधोमध रजिस्टर चिप असलेल्या. त्या कुणाच्या होत्या माहिती नाही. मागितल्या असत्या तर दिल्या असत्या त्यानं, सुचलं नाही.

घरी आणून पेन्सिलीच्या खोडरबरानं सोनेरी पट्ट्या पुसल्या, लावल्या, ६४ जीबी.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती पण मला गप्प बसवत नाही. एक प्रोसेसर दुसऱ्यापेक्षा जास्त तापत होता म्हणून त्याच्यावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायला काढला, आणि परत बसवताना बोटातनं सुटला, कोपरा सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवर, आपटला. ह्या सॉकेटला पिना बोर्डात असतात, प्रोसेसरला नाही, आणि त्या पिना किती तर २०११, नावच त्याच्यावरनं पडलंय. बसवला, चालू झालं, सगळं झकास, मेमरी ५६. एक रॅम गायब. आता ह्या वेळी मी शहाणा झालो होतो, रॅम डेड म्हणालो नाही. जी दिसत नव्हती ती दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, दिसली. दुसरी चांगली रॅम त्या स्लॉटमध्ये लावली, दिसेना. म्हणजे रॅम चांगली, स्लॉटचं दुखणं. मग दोन प्रोसेसरची अदलाबदल केली, तरी दुखणं त्याच स्लॉटला, म्हणजे प्रोसेसर पण चांगला. राहिला बोर्ड. ह्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर आतच असतो आणि एकेका प्रोसेसरला चार चॅनेल, त्यामुळं सॉकेटची एक पिन वाकली की एक आख्खं चॅनेल जाऊ शकतं आणि बाकी मशीन निवांत चालू राहतं, माणसाला वाटतं रॅमच गेली. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढला आणि मोठा करून बघितला तर रांगेत एक पिन आडवी. बायकोची भरतकामाची सुई घेतली, श्वास रोखून अर्धा तास. सरळ झाली. तुटली असती तर बोर्ड गेलाच होता. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी ह्याच्या नादाला लागू नये. आणि काही काढायच्या घालायच्या आधी प्लग भिंतीतनं काढा, सर्व्हर बोर्ड बंद दिसला तरी आत करंट चालू असतो, तो छोटा हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर हात घालू नका.

आता विक्रेत्याबद्दल, कारण ह्या पत्राचं खरं काम ते आहे. सगळं झाल्यावर मेमरीचा स्पीड बघितला तर १३३३. आम्हाला सांगितलेला १६००. एकेक रॅम काढून स्टिकर वाचले. सातवर छापलेलं, २ आर एक्स ४ पीसी३एल-१२८००आर. आठवीवर १०६००आर. बोर्ड सगळ्यांना सगळ्यात हळू जो असेल त्याच्या चालीनं चालवतो, म्हणजे एका १०६०० मुळं बाकीच्या सात पण बैलगाडीच्या मागं. चूक मुद्दाम केली असेल असं मी म्हणत नाही, पण बिलावर "सर्व्हर रॅम ८ जीबी" एवढंच लिहिल्यावर मी भांडू कशाच्या जोरावर?

ती ओळ वाचायला काही इंजिनिअर व्हावं लागत नाही. पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४. तीनाच्या पुढं एल असला तर १.३५ व्होल्टवर पण चालते, नसला तर १.५. १०६०० म्हणजे १३३३, १२८०० म्हणजे १६००, १४९०० म्हणजे १८६६. आणि त्या आकड्याला चिकटलेलं अक्षर हे सगळ्यात महत्त्वाचं, यू म्हणजे साधी घरगुती, ई म्हणजे ईसीसी आहे पण अडत्या नाही, आर म्हणजे रजिस्टर्ड, एल म्हणजे लोड रिड्यूस्ड. डीडीआर४ च्या स्टिकरवर १२८०० सारखा आकडा नसतो, थेट २१३३, २४०० असं असतं आणि डॅशच्या पुढं आर नाहीतर एल. सुरुवातीचं २ आर एक्स ४ म्हणजे दोन रँक (एकदम मिळून चालणारे चिपांचे गट) आणि चार बिटाच्या चिपा, ते पण महत्त्वाचं असतं कारण एका चॅनेलवर किती रँक चालतील ह्याला मर्यादा असते. संपलं. एका ओळीत रॅमची जात, पात, वय, वजन सगळं आहे, नुसती बिलावर उतरवायचा आळस.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि सांगली, मिरज, कुपवाडच्या दुकानदारांच्या संघटनेनं मनावर घेतलं तर एका बैठकीत होण्यासारखी आहे. जुनी रॅम विकताना स्टिकरवरची आख्खी ओळ बिलावर लिहा. नुसतं जीबी लिहू नका. बोर्ड विकताना प्रोसेसरची पिढी लिहा, कारण २०११ आणि २०११-३ ही दोन वेगळी सॉकेट आहेत, पहिल्यावर व्ही१ व्ही२, दुसऱ्यावर व्ही३ व्ही४, आणि "२०११ आहे, चालतंय सगळं" असं सांगून विकणारे मी स्वतः ऐकलेत. दोन सॉकेटचा बोर्ड एकाच प्रोसेसरसकट विकत असाल तर गिऱ्हाईकाला सांगा की निम्मे स्लॉट मुके राहणार, दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूचे स्लॉट त्याच्याशिवाय चालत नाहीत. मिरजेच्या माझ्या एका धंदेबंधूला हे कुणी सांगितलं नाही, बिचाऱ्यानं दोन महिने स्लॉट साफ करण्यात घालवले. त्याच्याच मशीनवर विंडोज ७ होम प्रीमियम होतं, ते १६ जीबीच्या वर मेमरी घेतच नाही आणि प्रोसेसर पण एकच मानतं, म्हणजे रॅमचा दोष नाही, बोर्डाचा नाही, दोष त्या सीडीचा.

रिपेअरिंगवाल्यांना विनंती, की रॅमवर मधोमध वेगळी चिप दिसली किंवा स्टिकरवर आर दिसला, तर आपल्या टेबलावरच्या बोर्डात लावून "डेड" म्हणू नका. "माझ्याकडं टेस्टिंगला बोर्ड नाही" असं सांगा, त्यात कमीपणा काही नाही. चारपाच दुकानांनी मिळून एक जुना सर्व्हर बोर्ड टेस्टिंगला ठेवला तरी पुरे, त्याच्यावर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर फुकट चालतं, रात्रभर लावून ठेवलं की सकाळी कळतं. सर्व्हर बोर्डात तर कुठल्या स्लॉटला ईसीसीची चूक झाली त्याची नोंद सुद्धा आपोआप होते, आयपीएमआयच्या, म्हणजे बोर्डावरच्या देखरेखीच्या व्यवस्थेच्या, लॉगमध्ये, तारीख वेळेसकट. माझ्या आठात एकीच्या नावावर तसल्या नोंदी आल्या होत्या, खोडरबर मारल्यावर थांबल्या, तरी लक्ष ठेवून आहे. सरकारचे ई-कचऱ्याचे नियम आहेत, २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासनं लागू झालेले, पण ते बहुतेक भंगार झाल्यावरचे. भंगार ठरवतंय कोण, तर टेबलावरचा चुकीचा बोर्ड.

आपल्या पेपरात शेतीचा, आरोग्याचा सल्ला असतो तसा महिन्यातनं एकदा चौकटभर जागा असल्या गोष्टींना दिली तर गावोगावच्या पोरांना उपयोग होईल. आमच्या भाच्यासारखी कितीतरी पोरं आहेत, डोकं आहे, पैसा नाही, जुन्या मालावरच शिकायलेत.

पत्र लांबलंय ह्याची जाणीव आहे. जागा कमी पडली तर माझ्या वाकलेल्या पिनेची आणि सुईची गोष्ट कापा, पण स्टिकरवरची ओळ कशी वाचायची तेवढं कापू नका.

आपला,
लग्नाचे फोटो काढणारा एक वाचक,
हरभट रोड, सांगली